टॉर्क रेंच, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर: पाना चोख, पण आकडे कोणी छापले?

टॉर्क रेंच म्हणजे बोल्ट ठरवलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळायचा पाना. माझा अर्धा इंची, क्लिकवाला (तेवढा जोर आला की 'क्लिक' होतो), २८ ते २१० न्यूटन-मीटरचा. बाकी माहिती विक्रीच्या पानावर आहेच, तिच्यात वेळ घालवत नाही. थेट तक्रारीवर येतो.

दांड्यावर टॉर्कची दोन मापं कोरली आहेत. फूट-पाउंडचे आकडे ठसठशीत, पांढऱ्या रंगात, समोर. न्यूटन-मीटरचे मागे, बारीक आणि बिनरंगाचे. आपल्या गाड्यांच्या पुस्तिकेत न्यूटन-मीटर असतं, टायरवाला फार तर 'बारा केजी' (म्हणजे किलो-मीटर, साधारण तेवढाच टॉर्क) म्हणतो. फूट-पाउंड इथे कोण वापरतो? माझ्या पोलोच्या चाकाच्या बोल्टला १२० न्यूटन-मीटर लागतं (ज्यांच्या चाकाला बोल्टऐवजी नट असतात त्यांनी आपापली पुस्तिका बघावी, आकडा वेगळा असतो). समोर दिसणारा फूट-पाउंडचा १२० लावला, तर बसतात जवळपास १६३ न्यूटन-मीटर. बोल्ट ताणला जातो, डिस्क वाकडी बसून ब्रेक थरथरायला लागतो. कोईमतूरच्या करी रेसिंग ट्रॅकवर सकाळच्या गडबडीत, उन्हात डोळे बारीक करून, कोणीही हे करून बसेल. साडेतीन हजार घेतले, थोडा रंग जास्त लावला असता तर काय बिघडलं असतं? शेवटी घरातली नेलपॉलिश न्यूटन-मीटरच्या खाचांत भरून पुसून घेतली. आता १२० लांबूनही दिसतो.

कामाला मात्र पाना खरा आहे. क्लिक स्पष्ट, हाताला जाणवतो. पद्धत तीच ठेवलीय: हबवरचा (चाक जिथे बसतं त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने काढायचा, बोल्ट आधी हाताने फिरवायचे, एक सोडून एक असे आवळायचे, चाक जमिनीला टेकल्यावर शेवटचा क्लिक. तो एकदाच. 'खात्रीसाठी' आणखी दोनदा कटकट करणाऱ्यांना जास्तीचा टॉर्कच मिळतो. आट्यांना तेल लावणाऱ्यांचंही तेच: आकडा तोच, पण घर्षण कमी झाल्याने ताण खूप वाढतो.

ट्रॅकवर ब्रेक तापतात, थंड होतात, पुन्हा तापतात, वळणात चाकावर बाजूने जोर येतो. त्यामुळे बोल्टचा ताण उतरू शकतो. म्हणून प्रत्येक सेशनच्या (ट्रॅकवरच्या फेऱ्यांच्या) आधी, चाक थंड असताना तपासणी. सेशनमधून आल्या आल्या तापलेल्या हबवर पाना लावू नका. नवीन अलॉय चाक असेल तर जास्तच लक्ष, बोल्ट जिथे टेकतो त्या बैठकीचा रंग दबतो. आणि एक गोष्ट पाना सांगूच शकत नाही. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची बैठक गोल असते, बाहेरून घेतलेल्या बहुतेक अलॉयची शंकूसारखी. चुकीची जोडी लावली तरी क्लिक येतो, पण चाक नीट बसलेलं नसतं. वळणात थरथर किंवा टकटक जाणवली की लॅप सोडून द्या आणि हळू पिटमध्ये या.

(नंतरची भर.) वरचं लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात पान्याचं रॅचेट (एकाच दिशेने फिरणारं डोक्यातलं चक्र) अडकायला लागलं. विक्रेत्याला कळवलं, त्याचं उत्तर: 'तुम्ही बोल्ट सोडवायला वापरला असेल, वॉरंटी नाही.' सोडवायला माझ्याकडे वेगळा लांब दांडा आहे, हे फोटोसकट सांगूनही तेच टेप. कुरियरचे पैसे माझेच, वस्तू तशीच परत. दोन तारे द्यायचं नक्की केलं होतं. मग पाना भोसरीतल्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये (मोजमापाची अवजारं तपासून देतात तिथे) नेला. तिथल्या माणसाने पान्याचं डोकं उघडलं, आतली कचकच साफ केली, ग्रीस भरलं आणि तपासून दिलं: १२० ला ११८. टॉर्क रेंचच्या आयएसओ ६७८९ या मानकाप्रमाणे ४ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे आरामात आत. फी पान्याच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाएवढी, तरी नवीन घेण्यापेक्षा स्वस्त.

म्हणून आता चार तारे. काम झालं की सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, स्प्रिंग टिकते. सोबतचं सॉकेट पातळ आहे, १७ मिमीचं चांगलं वेगळं घ्या. कुरियरचे पैसे अजून मिळालेले नाहीत.