रौप्यमहोत्सवी संमेलन कुठे ठेवायचं: मुंबई, माथेरान की कोलकाता?

विद्यापीठातल्या बस-रेल्वेप्रेमी मंडळाला पंचवीस वर्षं झाली की जुने सभासद भेटायचं ठरवतात, आणि मग जागेवरून गाडी अडते. हॉल घेऊन जेवण, सत्कार आणि फोटो उरकता येतात. पण आपण एकमेकांना ओळखायला लागलो ते हॉलमध्ये नव्हे. कोणी एसटीच्या मागच्या सीटवर भेटलं, कोणी घाटात दारापाशी उभं असताना. म्हणून शनिवार-रविवार जोडून कुठे जायचं याचा विचार करताना मी एकच कसोटी धरतो: तिथे सगळ्यांना एका गाडीत, पुरेसा वेळ, एकत्र बसता येईल का? बघण्यासारखं किती आहे हे त्यानंतर.

हा आढावा पुण्याच्या मंडळाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. बरेचसे सभासद पुण्या-मुंबईत, काही नाशिक-नागपूरला, थोडे परराज्यात आणि परदेशात, असं गृहीत धरलं आहे. पर्याय तीन आहेत. तिन्ही ठिकाणी जायला कारणं भक्कम आहेत, आणि तिन्हींच्या अडचणी वेगळ्या आहेत.

मुंबई

मुंबईचा कार्यक्रम पुणे स्टेशनवर सुरू करावा. डेक्कन क्वीन सकाळी ७.१५ ला निघते आणि १०.२५ ला सीएसएमटीला पोचते. १ जून १९३० ला सुरू झालेली ही गाडी आज नव्या डब्यांसह धावते, पण डायनिंग कार तिने सोडलेली नाही. लोणावळा मागे पडल्यावर चीज टोस्ट आणि कटलेट समोर ठेवून जुन्या मित्राशी बोलायला मिळतं, तेही गाडी खंडाळ्याचा उतार उतरत असताना. संमेलनाच्या उद्घाटनासाठी मला याहून चांगली जागा माहीत नाही. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच नावं बसतात. तेव्हा चार-पाच जणांनी वाटून घेऊन पहिल्याच दिवशी तिकिटं काढावीत, म्हणजे निदान एका डब्यात जागा मिळतील.

सीएसएमटीला उतरल्यावर लगेच बाहेर पडू नका. स्टेशनच्या पी. डिमेलो रोडकडच्या बाजूला हेरिटेज गल्ली आहे. तिथे डब्ल्यूसीजी-१ हे विजेचं जुनं इंजिन ठेवलंय. हे कर्जत-लोणावळ्यामधल्या भोर घाटात मालगाड्या ओढायचं आणि रेल्वेतली माणसं त्याला 'खेकडा' म्हणायची. दोन्ही टोकांना लांब नाक आणि बाहेरून दिसणारे चाकांचे दांडे असलेलं हे इंजिन जवळून पाहिलं, की १९२९ मध्ये पुण्यापर्यंत वीज पोचली तेव्हा घाटातलं काम किती बदललं असेल ते कळतं. इमारतीच्या आतली वारसा गॅलरी मात्र कामाच्या दिवशी दुपारीच बघता येते. ज्यांना ती बघायचीच आहे त्यांनी शुक्रवारी रजा टाकून एक दिवस आधी यावं. शनिवारी सकाळी पोचलेल्यांना ती चुकणार, हे आमंत्रणातच लिहून टाका.

समोर भाटिया बागेत ट्रामचा एक डबा उभा आहे, तिथे सगळ्यांचा फोटो होऊन जाईल. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली, विजेची ७ मे १९०७ ला, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनचं काम चालू असताना रस्त्याखालून तिचे रूळ निघाले. तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर आता मेट्रो ३ चं हुतात्मा चौक स्टेशन आहे. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी लाइन ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण चालू आहे. ट्रामचे रूळ निघाले ती जागा पाहायची आणि तिथेच जमिनीखाली उतरून मेट्रोने आरेपर्यंत जायचं, हा क्रम सांभाळा. शहराच्या दीडशे वर्षांच्या प्रवासावर वेगळं भाषण ठेवायची गरज उरणार नाही.

बेस्टच्या बाबतीत थोडं मन घट्ट करावं लागेल. १९३७ पासून मुंबईत धावणाऱ्या डबल डेकरपैकी शेवटची जुनी, बिनएसीची गाडी १५ सप्टेंबर २०२३ ला थांबली, आणि वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीत वारा खात बसणं तिच्याबरोबर संपलं. आता विजेवरच्या एसी डबल डेकर आहेत. त्यात बसा जरूर, काच मोठी आहे आणि दक्षिण मुंबई वरून छान दिसते, पण जुन्या गाडीची अपेक्षा धरून चढू नका. जुन्या बेस्टसाठी आणिक आगारातलं संग्रहालय गाठा. प्रवेश मोफत आहे. ट्राम-बसच्या प्रतिकृती, जुनी तिकिटं आणि तिकीट यंत्रं तिथे जपून ठेवली आहेत. कंडक्टरची पत्र्याची पेटी आणि तिच्यातले रंगीत तिकिटांचे गठ्ठे ज्यांच्या हातून गेलेत, ते तिथून लवकर हलत नाहीत. मोठा गट असेल तर आधी कळवून जावं.

मुंबईची खरी अडचण गर्दीची. चाळीस माणसं लोकलमध्ये शिरली की चार डब्यांत विखुरतात आणि दादरला निम्मीच भेटतात. त्यात रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक. एखादी फास्ट लोकल स्लो ट्रॅकवरून जाताना बघायला आपल्यातल्या काहींना आवडेलही, पण मुलाबाळांना घेऊन आलेल्यांचे हाल होतील. लोकलचा प्रवास शनिवारी दुपारी करावा, सीएसएमटीहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची लोकल याच मार्गावर धावली होती. बाकी सगळ्या फिरण्यासाठी स्वतःची बस हवी, तिच्याकडे शेवटी येतो.

नेरळ-माथेरान

कसोटीला सर्वांत जवळचा पर्याय हाच, फक्त गट लहान हवा. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली ही दोन फुटी गेजची, म्हणजे दोन रुळांत दोनच फूट अंतर असलेली लाइन १९०७ मध्ये सुरू झाली. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटरपाइप, अमन लॉज आणि माथेरान अशी पाच स्टेशनं, सुमारे २१ किलोमीटर अंतर, आणि काही ठिकाणी वीसास एक, म्हणजे वीस फुटांत एक फूट वर, इतका चढ. भोर घाटात सदतीसास एक चढाला मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिनं, जोडावे लागतात, यावरून हा चढ किती कडक ते समजेल. वर पोचायला अडीच तासांच्या आसपास लागतात. एवढ्या वेळात वळणावरून स्वतःचंच इंजिन खिडकीतून पुन्हा पुन्हा दिसतं, गप्पा रंगतात, आणि कोणाच्याही मोबाइलकडे लक्ष जात नाही. कितीही प्रवास झालेला माणूस या गाडीत लहान होतो.

पण अडचणी नीट समजून घ्या. गाडी छोटी, डबे मोजके, फेऱ्या थोड्या. शनिवारी-रविवारी नेरळच्या खिडकीवर रांग असते, आणि चाळीस जणांना एकाच फेरीत जागा मिळेल अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. पावसाळ्यात नेरळ ते माथेरान गाडी बंद असते, फक्त वरची अमन लॉज-माथेरान शटल चालते. डोंगरातली लाइन असल्यामुळे पाऊस कधीकधी वर्षाचंच वेळापत्रक बिघडवतो. २००५ च्या अतिवृष्टीनंतर गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं, आणि २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेल्यावर पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२२ मध्ये चालू झाला. म्हणून तारीख डिसेंबर किंवा जानेवारीतली घ्या, आणि जमलं तर मधल्या वारी जा.

वर मोटारगाड्यांना बंदी आहे. तिथली शांतता त्यामुळेच आहे, आणि ज्येष्ठांची पंचाईतही त्यामुळेच. शटल चुकली तर मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून गावात जायला लाल मातीतून बरंच चालावं लागतं. मंडळाच्या सुरुवातीच्या काळात मार्गदर्शन करणारे सर आता सत्तरी-पंचाहत्तरीत असतील. त्यांना बोलवायचं असेल तर ही व्यवस्था आधी पक्की करा. पुण्याकडून येणाऱ्यांनी कर्जतला थांबणारी गाडी पकडून पुढे नेरळपर्यंत लोकल घ्यावी. कर्जतला वडा खायला वेळ ठेवावा, हे आपल्या लोकांना सांगायला नको.

वीसएक माणसं असतील, सगळी चालती-फिरती असतील आणि कुटुंबं घरी राहणार असतील, तर मी डोळे मिटून माथेरान निवडेन.

कोलकाता

इथे मनाची ओढ सर्वांत जास्त आणि सोय सर्वांत कमी. देशात ट्राम फक्त इथेच उरली आहे. २४ फेब्रुवारी १८७३ ला सियालदह ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची ट्राम धावली, १९०२ मध्ये विजेची आली. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने एस्प्लनेड-मैदान हा वारसा मार्ग वगळता बाकीच्या ट्राम बंद करण्याचं जाहीर केलं, आणि तिथले ट्रामप्रेमी त्याविरुद्ध हिरिरीने उभे राहिले. ट्राम वाचवण्यासाठी न्यायालयापर्यंत जाणारी माणसं आपलीच आहेत. त्यांच्या शहरात जाऊन तिकीट काढून ट्राममध्ये बसणं हाही एक प्रकारचा पाठिंबा आहे, असं मी मानतो. निघण्यापूर्वी त्या आठवड्यात कोणते मार्ग चालू आहेत ते विचारून घ्या. एस्प्लनेडला जुन्या ट्रामच्या डब्यातच मांडलेलं 'स्मरणिका' संग्रहालय आहे. तिथली शांत, लाकडी बैठक मंडळाच्या चार जुन्या मित्रांसाठी अगदी योग्य.

ट्रामखेरीजही बघण्यासारखं भरपूर आहे. देशातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ ला इथेच सुरू झाली, एस्प्लनेड ते भवानीपूर. मार्च २०२४ पासून मेट्रो हुगळी नदीच्या खालून हावडा मैदानापर्यंत जाते. जाताना नदीखालून मेट्रोने आणि येताना फेरीबोटीने, वर हावडा पूल, अशी एक दुपार काढली तर वाहतुकीच्या माणसाला आणखी काय हवं?

पण शनिवार-रविवारात हे बसत नाही. पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसने जायचं तर एका बाजूला दीड दिवसाच्या आसपास जातो. मुंबईहून दुरांतो घेतली तरी सव्वीसेक तास. रेल्वेनेच जायचं म्हटलं तर आठवड्याची रजा हवी. विमानाने गेलं तर खर्च वाढतो, आणि गाडीत एकत्र बसण्याचा सर्वांत लांब टप्पाच हातचा जातो. नुकतेच नोकरीला लागलेले सभासद आणि पेन्शनवरचे सर या दोघांनाही हे जड जाईल. ज्या संमेलनाला निम्मे लोक पैशांमुळे येऊ शकत नाहीत, ते संमेलन मला पटत नाही.

मग काय ठरवायचं

रौप्यमहोत्सव सगळ्यांचा असेल, कुटुंबं आणि ज्येष्ठ येणार असतील, तर मुंबई. बघण्यात ती माथेरानच्या मागे नाही, पोचायला सर्वांत सोपी आहे, आणि कोणाची तब्येत बिघडली तर पुण्या-मुंबईकरांना काही तासांत घरी जाता येतं. कोलकाता याच वर्षी करा, पण संमेलन म्हणून नको. ज्यांना जमेल अशा सात-आठ जणांनी थंडीत रेल्वेने जाऊन यावं, कारण तिथली ट्राम आपली वाट बघत थांबणार नाही. माथेरान पुढच्या डिसेंबरलाही तिथेच असेल.

तारखेसाठी एक सुचवतो. डेक्कन क्वीन १ जून १९३० ची, आणि एसटीची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली तीही १ जूनलाच, १९४८ मध्ये. या तारखेच्या जवळचा शनिवार-रविवार धरला तर दोन्हींचा वाढदिवस साधतो. उकाडा असेल, पण पाऊस बहुधा लागलेला नसतो, आणि संध्याकाळी ५.१० ला सीएसएमटीहून सुटणारी क्वीन घाटापाशी येते तेव्हा जूनमध्ये उजेड असतो. पुण्याकडे चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर लागतात. शेवटच्या डब्यात बसलेल्यांना तो हलकासा धक्का जाणवतो, मग शिट्ट्यांची देवाणघेवाण होते आणि अख्खी गाडी मागून रेटली जाऊ लागते. परतीची तिकिटं म्हणूनच मागच्या बाजूच्या डब्यातली मिळाली तर उत्तम.

आता ती बस. मुंबईत दोन दिवस फिरायला खासगी लक्झरी घेऊ नका. एसटी पूर्ण बस भाड्याने देते, त्याला आगारात 'प्रासंगिक करार' म्हणतात. तारीख, वेळा, कुठून कुठे आणि किती माणसं हे लिहून आगार व्यवस्थापकांकडे अर्ज द्यायचा आणि रक्कम आगाऊ भरायची. लाल बसमध्ये सगळं मंडळ, बायका-मुलं, सर, कोणीतरी आणलेला चिवड्याचा डबा, आणि आणिक आगाराच्या फाटकातून आपलीच एसटी आत शिरतेय, हे चित्र ज्याला आवडणार नाही तो आपल्या मंडळात आलाच नसता. लग्नसराईत आणि सुट्ट्यांत बसला मागणी फार असते आणि १ जून हा त्याच काळातला. म्हणून तारीख ठरल्याच्या आठवड्यात अर्ज टाका, हॉटेलच्या खोल्यांचं नंतर बघता येईल.