साऊथ पॅसिफिक: आधी पुस्तक वाचा, मग गाणी ऐका

जेम्स मिचनरचं 'टेल्स ऑफ द साऊथ पॅसिफिक' वाचून झालं आणि त्यावरच्या म्युझिकलचं १९४९ चं मूळ ब्रॉडवे रेकॉर्डिंग सध्या रोज ऐकतेय, म्हणून दोन्हींबद्दल एकत्रच लिहिते.

मिचनर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नेव्हीत होता, न्यू हेब्रिडीज म्हणजे आजच्या वानुआतूतल्या एस्पिरिटू सँटो बेटावर. युद्धकथा म्हटलं की आपण धडाधड गोळीबार धरून चालतो, पण इथे माणसं मुख्यतः वाट बघतात! उकाडा, पाऊस, घरची पत्रं, दारू कुठून मिळवायची याच्या खटपटी, आणि पुढचा हल्ला कधी ते कुणालाच माहीत नाही. कुरालेई या काल्पनिक बेटावरचा हल्ला येतो तो अगदी शेवटाकडे, आणि तोपर्यंत ही सगळी आपल्या ओळखीची झालेली असतात त्यामुळे तो फार लागतो. सुरुवातीच्या गोष्टी संथ आहेत, नावांचा गोंधळ होतो, तरी प्लीज सोडू नका. १९४८ चं पुलित्झर पारितोषिक उगाच नाही मिळालं.

संगीतकार रॉजर्स, गीतकार हॅमरस्टाइन आणि दिग्दर्शक जोशुआ लोगन यांनी स्टेजसाठी मुख्यतः दोन गोष्टी घेतल्या, नर्स नेली आणि फ्रेंच मळेवाला एमिल यांची एक, आणि लेफ्टनंट केबल आणि टोंकिनी (म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनामकडची) मुलगी लियात यांची दुसरी. पुस्तकातल्या एमिलला वेगवेगळ्या बायकांपासून झालेल्या आठ मुली आहेत, लग्न एकीशीही नाही, स्टेजवर मात्र वारलेली बायको आणि दोन गोड मुलं. हे मला खटकलं, कारण एमिलला गोऱ्या नसलेल्या बायकांपासून मुलं आहेत हे नेलीला पचवायचंय, आणि ते त्यामुळे बरंच सोपं होऊन जातं.

पण केबलचं 'यू हॅव गॉट टु बी केअरफुली टॉट' ऐका. द्वेष जन्मजात नसतो, लहानपणीच घरचे शिकवतात, एवढंच म्हणणं, दीडेक मिनिटाचं गाणं, आणि ते काढून टाका म्हणून दबाव आला तरी त्यांनी ठेवलं, तेही अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या-गोऱ्यांच्या शाळासुद्धा वेगळ्या होत्या त्या काळात. लियातची आई ब्लडी मेरी झालेल्या हुआनिता हॉलला १९५० मध्ये टोनी हा ब्रॉडवेचा मोठा पुरस्कार मिळाला, तो मिळवणारी ती पहिली आफ्रिकन अमेरिकन. तिचं 'बाली हाय' हेडफोन लावून ऐका, अंगावर काटा येतो.

माझी खरी तक्रार लियातबद्दल आहे. एवढी महत्त्वाची मुलगी आणि तिच्या तोंडी जेमतेम चार वाक्यं, 'हॅपी टॉक'मध्येही गाते आई आणि ही नुसती हातवारे करते. वर्णद्वेषाविरुद्ध इतकं ठाम बोलणाऱ्या नाटकाने जिच्यावरून हे सगळं घडतं तिलाच बोलू दिलं नाही हे मला पटलंच नाही.

१९५८ चा सिनेमा अगदी शेवटी बघा, किंवा नाही बघितला तरी चालेल, गाणी सुरू झाली की अख्खा पडदा पिवळा-जांभळा होतो आणि ते रंगांचे फिल्टर मला अजिबात सहन झाले नाहीत.