दोन मुलांच्या घरातले आठ किलोचे फ्रंट लोड मशीन: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

आम्ही दोघेही नोकरी करतो, मुलगा आठ वर्षांचा आहे आणि मुलगी तीन वर्षांची. घरात कपड्यांचा ढीग कधी संपतच नाही, हे वेगळे सांगायला नको. जुने टॉप लोड मशीन दुरुस्तीच्या पलीकडे गेल्यावर आम्ही ८ किलो क्षमतेचे, पाणी तापवणारे आणि मिनिटाला १४०० फेऱ्यांपर्यंत पिळणारे फ्रंट लोड मशीन घेतले. त्याला आता चौदा महिने झाले. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मी ज्यांचे कौतुक करणार आहे आणि ज्यांना नावे ठेवणार आहे, त्या बहुतेक गोष्टी या वर्गातल्या इतर मशीनमध्येही कमीअधिक प्रमाणात सापडतात.

मत आधीच सांगते. मशीन चांगले आहे आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर याच प्रकारचे घेईन. मात्र विक्रेत्याने ज्या गुणांचे गोडवे गाऊन ते आमच्या गळ्यात घातले, त्यांतला जवळपास एकही गुण आमच्या उपयोगी पडला नाही. पंधरा कार्यक्रमांपैकी आम्ही चार वापरतो. काम खरोखर हलके केले ते तीन साध्या गोष्टींनी: उशिरा सुरू होण्याची सोय, जोरदार पिळणे आणि पाण्याचे तापमान आपल्या हाती असणे.

पहिल्या दिवसाची गंमत आधी सांगितली पाहिजे. मशीन बसवायला आलेल्या माणसाने नळ जोडला, पाणी येते का पाहिले, सही घेतली आणि तो गेला. पहिल्याच फेरीत पिळणे सुरू झाले तेव्हा असा धडधडाट झाला की मुलगी रडत पळाली, आणि मशीन भिंतीपासून चांगले वीतभर पुढे चालत आले. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून मागच्या बाजूला लावलेले बोल्ट त्याने काढलेच नव्हते. माहितीपुस्तिकेच्या तिसऱ्याच पानावर ते चित्रासह दाखवलेले आहेत. ते काढून, भोकांवर झाकणे बसवून आणि चारही पाय जमिनीला समतल करून घेतल्यापासून मशीनचा आवाज शेजारच्या खोलीत जेमतेम ऐकू येतो. मशीन बसवणारा माणूस दारात असतानाच एकदा रिकामे मशीन पिळण्यावर चालवून पाहावे.

आता वेळेच्या सोयीबद्दल. रात्री मुले झोपल्यावर कपडे आणि पावडर घालून ठेवायची आणि धुणे पहाटे साडेपाचला सुरू होईल असे लावायचे, ही आमची रीत झाली आहे. त्या वेळी आमच्यापैकी एक जण उठलेला असतो. सगळे झोपेत असताना किंवा घर बंद असताना मशीन चालू ठेवू नये, असा अग्निशमन दलांचा सल्ला असतो आणि तो आम्ही पाळतो. सातच्या सुमारास कपडे तयार असतात आणि दप्तरे भरता भरता ते वाळत घातले जातात. पूर्वी रात्री धुतलेले कपडे सकाळपर्यंत ड्रममध्येच दबून राहायचे आणि त्यांना कुबट वास यायचा, मग तेच कपडे पुन्हा धुवावे लागायचे. हे दुबार धुणे संपले, हा या मशीनचा सर्वांत मोठा फायदा मी मानते. एक अडचण मात्र अनुभवानेच कळली. उशिरा सुरू करायचे असेल तर कप्प्यात पावडर घालावी. लिक्विड घातले तर आमच्या मशीनमध्ये ते रात्रभर हळूहळू ओघळत खाली जाते आणि ऐन धुण्याच्या वेळी कप्पा रिकामा असतो.

पिळण्याच्या वेगाला दुकानात कोणी फारसे महत्त्व देत नाही, आणि घरात त्याचाच सर्वाधिक फरक पडतो. १००० फेऱ्यांवर पिळलेल्या सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६० टक्के पाणी उरते. १४०० फेऱ्यांवर ते निम्म्याच्या आसपास येते. आकडा वाचताना किरकोळ वाटतो. पण ओलसर हवेत जाडजूड टॉवेल आणि पलंगपोस घरातच स्टँडवर वाळवायचे असतील, तर संध्याकाळपर्यंत ते सुकतात की दुसऱ्या दिवसावर जातात, हे या फरकावर ठरते. अर्थात एवढ्या जोराने पिळलेले शर्ट चुरगळतात. म्हणून गणवेशाचे शर्ट आम्ही ८०० वर पिळतो आणि काढल्याबरोबर झटकून हँगरवर अडकवतो. इस्त्री पूर्ण सुटलेली नाही, पण कॉलर आणि बाह्यांपुरती उरली आहे.

तापमानाच्या बाबतीत मी स्वतःच एक चूक केली. मुलीच्या नाकातून रात्री रक्त आले आणि उशीचा अभ्रा व चादर भरली. गरम पाण्याने डाग लवकर निघेल अशा समजुतीने मी दोन्ही थेट ६० अंशांवर धुतले. लाल डाग तपकिरी होऊन कायमचा बसला. रक्त, दूध, अंडे यांतली प्रथिने उष्णतेने घट्ट होऊन धाग्याला धरतात. त्यांना आधी थंड पाण्यात भिजवायचे आणि मग एन्झाइम असलेली पावडर घालून ३० ते ४० अंशांवर धुवायचे. वेगवेगळी एन्झाइम प्रथिने, पिष्ट (स्टार्च) आणि स्निग्ध पदार्थ यांचे तुकडे करतात, म्हणून तीस अंशांवरही डाग निघतात. पांढऱ्या कपड्यांसाठी मात्र पावडरच हवी, कारण डागांचा रंग उडवणारे ऑक्सिजनयुक्त ब्लीच साधारणपणे पावडरीत असते, लिक्विडमध्ये नसते. ६० अंश आम्ही टॉवेल, पलंगपोस आणि आजारपणातल्या कपड्यांसाठी राखून ठेवले आहेत. मुलाला धुळीची अ‍ॅलर्जी आहे आणि त्या तापमानाला धुळीतले माइट (अतिसूक्ष्म किडे) मरतात, त्यामुळे त्याच्या उशांचे अभ्रे दर आठवड्याला त्याच फेरीत जातात.

वीज वाचवणारा कार्यक्रम तीन तासांहून अधिक चालतो, तेव्हा सुरुवातीला मशीन बिघडले असेच आम्हाला वाटले. हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञांनी १९५९ मध्ये हा हिशेब एका वर्तुळात मांडला होता: धुण्यासाठी रसायन, तापमान, घुसळण आणि वेळ हे चार वाटेकरी असतात, आणि एकाचा वाटा कमी केला की दुसऱ्याचा वाढवावा लागतो. गरम फेरीत मशीनची बहुतेक वीज पाणी तापवण्यात जाते, म्हणून हा कार्यक्रम तापमान उतरवतो आणि वेळ वाढवतो. सुटीच्या दिवशी तो परवडतो.

याच हिशेबामुळे पंधरा मिनिटांच्या झटपट धुण्याचे पितळ उघडे पडते. नोकरदार पालकांना मशीन विकताना हाच कार्यक्रम पुढे केला जातो. तो दोन किलोपर्यंतच्या, जेमतेम घामेजलेल्या कपड्यांसाठी आहे. मैदानावरून आलेल्या चिखलाच्या पँटसाठी तो काहीही करत नाही; ती पँट आधी पूर्ण वाळू द्यावी, माती ब्रशने झाडावी आणि मग नेहमीच्या फेरीत टाकावी. पंधरा मिनिटांत कपडे ओले होतात, एवढेच मी खात्रीने सांगू शकते.

क्षमतेच्या आकड्याबद्दलही असेच. ८ किलो म्हणजे सुती कार्यक्रमातले कोरडे कपडे. मिश्र धाग्यांच्या कपड्यांसाठी त्याच ड्रमची मर्यादा चार किलोवर येते. वजन करत बसण्यापेक्षा आम्ही हात घालून पाहतो: भरलेल्या ड्रममध्ये कपड्यांच्या वर तळहात उभा राहील एवढी जागा उरली पाहिजे. ठासून भरले की कपडे घुसळतच नाहीत आणि गडद रंगाच्या कपड्यांवर पावडरीचे पांढरे ओरखडे राहतात.

या मोठ्या ड्रमचा उपयोग आम्ही वेगळ्याच तऱ्हेने करतो, आणि त्याने मशीनपेक्षाही अधिक वेळ वाचवला आहे. रंगाप्रमाणे कपडे वेगळे करण्याऐवजी आम्ही ते माणसाप्रमाणे धुतो. मुलाची टोपली वेगळी, मुलीची वेगळी, आमच्या दोघांची एक. मुलाची टोपली भरली की ती सगळीच्या सगळी ४० अंशांवर जाते, वाळते आणि त्याच्याच कपाटात परतते. हा मोजा कोणाचा, ही चड्डी कोणाची, हा रात्री साडेदहाचा तपास बंद झाला. आधी चारपाच वेळा धुतलेल्या कपड्यांचा रंग या तापमानाला सहसा लागत नाही. नवे गडद कपडे आणि लाल रंगाचे काहीही मात्र पहिल्या काही धुण्यांना बाजूलाच ठेवावे. मोजे प्रत्येकाच्या जाळीच्या पिशवीत आणि पिशवीसकट मशीनमध्ये. मशीन वजनाच्या अंदाजाने पाणी कमी घेते, तरीही दोन अर्ध्या फेऱ्यांना एका भरलेल्या फेरीपेक्षा पाणी आणि वीज जास्त लागते. ही किंमत आम्ही समजून मोजतो.

तक्रारींमध्ये पहिली फिल्टरची. खाली उजवीकडे असलेले त्याचे दार जमिनीपासून इतके कमी उंचीवर आहे की निथळणारे पाणी धरायला ताटलीखेरीज काही सरकत नाही. आणि मुलांच्या घरात तो महिन्यातून एकदा उघडावाच लागतो. मागच्या खेपेला त्यातून दोन नाणी, एक केसांची पिन, खोडरबराचा तुकडा आणि मातीच्या खेळण्याचा निळा गोळा निघाला. मुलीच्या खिशातल्या कागदी रुमालाचे काय होते, ते ज्यांनी काळ्या पँटवर पाहिले आहे त्यांना सांगायला नको. बादलीपुरती उंची मिळावी म्हणून मशीनखाली भक्कम चौथरा हवा होता, हे आता सुचते.

दाराभोवतीचे रबर हा दुसरा त्रास. त्याच्या घडीत पाणी आणि केस साचतात, लहान मोजे लपतात, आणि पुसले नाही तर काळी बुरशी धरते. उपाय सोपा आहे: धुणे झाल्यावर रबर पुसावे, दार थोडे उघडे ठेवावे आणि महिन्यातून एकदा रिकामा ड्रम ६० अंशांवर किंवा त्याहून गरम फेरीने धुवावा. पण ज्या घरात तीन वर्षांचे मूल आहे, तेथे दार उघडे ठेवणे धोक्याचे आहे. मूल आत शिरू शकते. विक्रेत्याने मोठ्या कौतुकाने दाखवलेले चाइल्ड लॉक आमच्या मशीनवर फक्त बटणे बंद करते, रिकाम्या मशीनचे दार नव्हे, हे घरी आल्यावर समजले. आम्ही मशीन असलेल्या खोलीच्या दाराला उंचावर कडी लावून घेतली. लिक्विडच्या छोट्या रंगीत कॅप्सूलही आम्ही घरात आणत नाही. मुलांना त्या गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसतात आणि आतला द्रव फार तीव्र असतो.

मऊपणासाठीचे द्रावण आम्ही टॉवेलांना लावणे बंद केले आहे, कारण त्याचा थर बसला की टॉवेल पाणी शोषत नाहीत.

उरलेली वेळ दाखवणाऱ्या आकड्यावर मात्र माझा अजिबात विश्वास उरलेला नाही. कपडे एका बाजूला गोळा झाले की मशीन पिळणे थांबवून त्यांना पुन्हा पसरवते, आणि ‘३ मिनिटे’ हा आकडा दहाबारा मिनिटे तसाच उभा राहतो. शेवटी जी धून वाजते ती बंद करण्याची सोय पुस्तिकेत दिली आहे, दोन बटणे एकत्र दाबून धरायची. ती आम्ही पाच वेळा करून पाहिली आहे. मुलीला मात्र ती धून पाठ झाली आहे आणि वाजली की ती तिची जाळीची पिशवी न्यायला आपणहून येते, म्हणून सहाव्यांदा प्रयत्न केलेला नाही.