डोंगरावरचे सरकारी चर आणि झाडं : स्कीम चांगली, पण नंतर बघायला कोणी नाही

आमच्या गावच्या डोंगरावर पाणलोट (पाणी-माती अडवायच्या) योजनेतून सीसीटी म्हणजे सलग समतल चर झाले आणि चरांच्या भरावावर झाडं लावली, त्याचा हा रिव्ह्यू. 5 पैकी 3 स्टार देतोय आणि ते 3 मनापासून देतोय कारण सरकारी काम म्हटलं की लोक न बघताच नावं ठेवतात, तसं मला करायचं नाहीये.

आधी चांगलं सांगतो. चराचं डिझाईन एकदम सोपं आहे, 2 फूट रुंद, 1 फूट खोल, उताराला आडवा, निघालेली माती खालच्या अंगाला टाकायची आणि त्याच भरावावर झाड लावायचं. पाऊस पडला की पाणी धावत सुटायच्या ऐवजी चरात थांबतं, मुरतं, आणि माती वाहून ओढ्यात जायच्या ऐवजी तिथेच बसते. आमच्या डोंगराची पूर्वेकडची बाजू नीट झालीय, तिथे दिवाळीनंतरही मारवेल आणि पवन्या गवत गुडघ्याएवढं उभं असतं, खालच्या बंधाऱ्यात गाळ आधीपेक्षा कमी येतो. रोजगार हमीतून (रोहयो) काम झालं त्यामुळे गावातल्या बायामाणसांना उन्हाळ्यात मजुरी मिळाली हेही मोठं काम आहे.

आता पश्चिमेकडची बाजू. तिथे मशीन लावून नजरेच्या अंदाजाने चर ओढले, लेव्हल घेतलीच नाही. लेव्हल घ्यायला लागतं काय तर हायड्रोमार्कर, म्हणजे पारदर्शक नळीत पाणी आणि दोन टोकांना मापाच्या पट्ट्या, दोन माणसं बास. ते न केल्यामुळे पहिल्याच मोठ्या पावसात सगळं पाणी चराच्या एका टोकाला गोळा झालं, भराव फुटला आणि तिथून खाली कमरेएवढी घळ पडली, आता तिथे नुसता मुरूम उघडा पडलाय. चर खणलेच नसते तर एवढी माती गेली नसती हे मी छातीठोक सांगतो. समतल नसलेला चर म्हणजे पाण्याला करून दिलेली वाट.

झाडांचं दुःख वेगळंच. वाळलेलं एक रोप मी उपटून बघितलं तर काळी पिशवी तशीच, मुळं आतल्या आत गोल गोल फिरून गुंता झालेला!! पिशवीसकट लावलं होतं. शेजारची दोनतीन उपटली, तीच गत. लावणाऱ्या मजुरांना दोष देत नाही, त्यांना खड्ड्यावर पैसे मिळतात आणि पिशवी फाडा हे सांगायला तिथे कोणी उभंच नव्हतं. राज्याची झाडं लावायची मोहीम 2016 ला 2 कोटी झाडांपासून सुरू झाली आणि 2019 ला टार्गेट 33 कोटीवर गेलं, आकडा एवढा फुगला की लावण्याच्या दिवशीच सगळा जोर संपतो. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, शेळ्या कोण वळवणार हे कुठल्याच बोर्डावर लिहिलेलं नसतं. ऑस्ट्रेलियन बाभूळही जरा कमी लावा, तिच्यात ना चारा ना फळ, त्यापेक्षा करंज, जांभूळ, सीताफळ लावलं तर गावाला त्याची ओढ राहते. ग्लिरिसिडिया हे पटकन वाढणारं झाड मात्र भरावासाठी चांगलं, पाल्याचं खतही होतं.

नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार गाव ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय. 1989 ला पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे गाव आदर्श गाव योजनेत आलं. चर, बंधारे, झाडं हेच सगळं तिथेही सरकारी स्कीममधूनच झालंय, पाऊस तर जेमतेम 400 मिमीच्या आसपास. पण सोबत कुऱ्हाडबंदी, चराईबंदी ग्रामसभेने लावली आणि पाळली. गवत कापून न्यायचं, जनावर डोंगरावर सोडायचं नाही. म्हणून चराई बंद होऊनही दूध वाढलं. शेतीला बोअर नाही, पाण्याचा हिशोब दरवर्षी ग्रामसभेत मांडतात. आमच्याकडे फक्त चर आले, बाकी काही आलंच नाही.

अजून एक, जलयुक्त शिवार या पाणी अडवायच्या सरकारी योजनेत 2014 नंतर बऱ्याच ठिकाणी सगळा पैसा नाला खोलीकरणात गेला कारण ते मशीनने पटकन होतं आणि दिसतंही. पण वरचा डोंगर उघडा ठेवून खाली नाला खणला तर दोन पावसाळ्यात गाळाने भरणारच ना! माथा ते पायथा, म्हणजे आधी वरचा डोंगर मग खालचा नाला, हा क्रम पुस्तकात आहे तो तसाच पाळा की.

तुमच्या गावात हे काम येणार असेल तर जरूर घ्या, नाकारू नका. फक्त खणायच्या आधी लेव्हल घेताना स्वतः जाऊन उभे रहा, रोपं लावताना पिशव्या मोजून परत मागा आणि चराईबंदीचा ठराव काम सुरू व्हायच्या आधी करून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही. आमच्या पश्चिमेकडच्या घळीत दगडी बांध घालून द्या आणि तीन वर्षांची देखभाल एस्टिमेटमध्येच धरा, मी चौथा स्टार लगेच देतो.