मिशीचा वस्तरा म्हणून गळ्यात मारलेलं कापीव पातं

जुन्या अरुंद वस्तऱ्यांच्या नावाखाली सध्या कापून बारीक केलेली पाती सर्रास विकली जात आहेत. असंच एक पातं मला साडेसात हजारांना विकलं गेलं आणि पैसे अजून परत मिळालेले नाहीत. वस्तऱ्यांची आवड असलेल्या आणखी कुणाच्या वाट्याला हे येऊ नये, म्हणून सविस्तर लिहितोय.

पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात सांगतात. रोजच्या दाढीला साधारण ५/८ किंवा ६/८. ३/८ आणि ४/८ ही अरुंद पाती. नाकाखालची जागा, मिशीची कोर, कल्ल्यांची सरळ रेघ, राखलेल्या दाढीची कड अशा ठिकाणी रुंद पातं अडतं आणि खालचं काही दिसूही देत नाही. अरुंद पातं तिथे सहज वळतं. पायाची कुरुपं तासायला तर याहून छोटे वस्तरे मिळत. चांगल्या स्थितीतला अस्सल अरुंद वस्तरा हाताला लागणं आज कठीण झालंय आणि फसवणारे नेमका याचाच फायदा घेतात.

माझ्या विक्रेत्याची जाहिरात होती: ‘१८५७ पूर्वीचा जर्मन मिशीचा वस्तरा, सोलिंगन, ३/८, हस्तिदंती मूठ.’ (सोलिंगन हे वस्तरे-सुऱ्यांसाठी नावाजलेलं जर्मन शहर.) फोटो सगळे समोरून काढलेले, पातं आरशासारखं लख्ख. मी पाठीचा, म्हणजे धारेच्या समोरच्या जाड कडेचा, फोटो मागितला. वस्तऱ्याची खरी ओळख पाठीवरूनच पटते. त्याने फोटो पाठवला, पाठ छान बारीक दिसत होती. ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, संध्याकाळपर्यंत सांगा,’ असंही म्हणाला. मी पैसे पाठवले. पार्सल उघडलं तेव्हा कळलं की पाठीचा तो फोटो वेगळ्याच वस्तऱ्याचा होता.

आलेल्या वस्तऱ्याला कॅलिपर, म्हणजे जाडी-रुंदी मोजायचं साधन, लावला. रुंदी ९.५ मिलिमीटर, म्हणजे ३/८ बरोबर. पण पाठीची जाडी ४.६ मिलिमीटर! एवढी जाड पाठ ५/८ किंवा ६/८ च्या पात्याला शोभते. धार लावताना वस्तरा दगडावर सपाट ठेवतात, पाठ आणि धार दोन्ही टेकतात, त्यामुळे धारेचा कोन ठरतो तो पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणावरून. चांगल्या वस्तऱ्यात रुंदी पाठीच्या साधारण साडेतीन पट असते आणि कोन सोळा-सतरा अंशांच्या आसपास येतो. इथे रुंदी जेमतेम दुप्पट, कोन अठ्ठावीस अंश. असं पातं लाकूड फोडायच्या पाचरीसारखं केसाला ढकलतं. कितीही पाजळा, दाढी होणार नाही.

म्हणजे झालं असं होतं: तडा गेलेलं किंवा टवके उडालेलं रुंद पातं ग्राइंडरवर अर्ध्यावर कापलं, चकाकी दिली आणि ‘मिशीचा वस्तरा’ असं नाव दिलं. टोकाजवळ धारेलगत पोलाद निळसर पडलेलं दिसत होतं. ग्राइंडरच्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरल्याची ही खूण. तिथे धार टिकतच नाही. पोटाकडचा पातळ भाग कापून टाकल्यामुळे पातं नखावर दाबलं तरी जराही लवत नव्हतं. आमच्या पेठेत पूर्वी वस्तऱ्यानेच दाढी करणारे एक वयस्कर कारागीर आहेत. त्यांनी वस्तरा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाले, ‘भाऊ, याची पाठ मोठ्याची अन् पोट लहानाचं. कापलंय हे.’

एक गोष्ट आवर्जून सांगतो. वर्षानुवर्षं दगडावर घासून झिजलेला वस्तराही अरुंद होतो, पण त्यात धारेबरोबर पाठही झिजते आणि कोन फारसा बिघडत नाही. असा वस्तरा झिजलेला म्हणून, योग्य भावात विकला तर त्यात खोट नाही. माझा राग कापून लपवण्यावर आहे.

१८५७ चा दावाही खोटाच. पात्याच्या मानेवर, म्हणजे मुठीजवळच्या बिनधारेच्या भागावर, पुसट ‘जर्मनी’ असा ठसा आहे. परदेशी मालावर देशाचं नाव घालण्याची सक्ती ब्रिटनच्या १८८७ च्या आणि अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यांमुळे आली आणि त्यानंतरच जर्मन वस्तऱ्यांवर हा ठसा सर्रास दिसू लागला. ब्रिटनचा कायदा येण्यामागे एक मोठी तक्रारच होती: सोलिंगनचा माल शेफील्डच्या, म्हणजे सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध इंग्लिश शहराच्या, नावाने खपवला जातो! पुढे ‘सोलिंगन’ या नावालाही १९३८ मध्ये जर्मनीत कायद्याचं संरक्षण मिळालं.

‘हस्तिदंती’ मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची, निघाली. रेघा अगदी समांतर, आणि कोमट पाण्यात धरून चोळल्यावर कापराचा वास. सुईचा चटका देऊन पाहायच्या भानगडीत कुणी पडू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून निघणाऱ्या वायूने आतलं पातं गंजतं, म्हणून असा वस्तरा बाकीच्यांबरोबर एका डब्यात ठेवू नका.

अरुंद वस्तरा घेताना कॅलिपर लावलेला पाठीचा फोटो मागा, आणि त्याच फोटोत आजची तारीख लिहिलेला कागद शेजारी हवा. ३/८ ला पाठ तीन मिलिमीटरच्या आतबाहेर असावी. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात घेत असाल तर कॅलिपर खिशातच न्या. ‘अँटिक आहे, ओरखडे पडतील’ म्हणून मोजू न देणाऱ्याकडून घेऊ नका.

माझ्या विक्रेत्याने आधी ‘वापरता येत नसेल तुम्हाला’ असं सुनावलं, मग नंबर ब्लॉक केला. मी जाहिरात, चॅट, पैसे भरल्याची पावती आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवला होता, तो जोडून तक्रार केली आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा. सदोष मालाची तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंदवता येते. आणि तो वस्तरा परत पाठवायचा झाला तर मानेवरच्या ठशाचे आणि पाठीचे फोटो काढल्याशिवाय पाठवू नका, नाहीतर तोच वस्तरा पुढच्या माणसाला विकला जाईल आणि तुमच्या हातात पुरावा काहीच उरणार नाही.