पद्मिनीचा क्लच: जुनी प्लेट रिलाइन करावी की नवीन टाकावी?

प्रीमियर पद्मिनी बंद होऊन वीस वर्षांच्या वर झाली, त्यामुळे आता या गाडीच्या क्लचची ओरिजिनल प्लेट मिळणं म्हणजे नशिबाचा खेळ. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला बाहेरच्या मेकची नवीन मिळते, डब्यातून काढली की बसवली, काम संपलं. पण सगळ्यांची क्वालिटी सारखी नसते बरं का, म्हणून काउंटरवरच जुनी प्लेट शेजारी ठेवून व्यास, स्प्लाइनचे (मधल्या भोकातल्या खाचांचे) दात आणि हबची (मधल्या गाभ्याची) उंची जुळवून बघा, आणि जमलं तर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून बघा, अडकली तर क्लच नीट सुटणार नाही आणि पहिला गिअर टाकताना कर्रकन आवाज येणार.

रिलाइनिंगमध्ये हब कंपनीचाच राहतो, फक्त घासलेलं लायनिंग (प्लेटच्या दोन्ही बाजूंचा घर्षणाचा थर) काढून नवीन रिव्हेट करतात. मला हेच जास्त पटतं, पण हबच्या स्प्रिंगा सैल नसतील आणि दात झिजलेले नसतील तरच, नाहीतर पैसे वाया. रिव्हेटची डोकी लायनिंगच्या आत खोल बसलीयत ना ते बोट फिरवून बघा, वर राहिली तर फ्लायव्हीलला (प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या जड चाकाला) चरे पडतात. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा मेकॅनिकला हवा मारून धूळ उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा.

काहीही घ्या, रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) नवीनच टाका. आणि इंजिनच्या मागच्या सीलमधून ऑइल गळत असेल तर ते आधी बंद करा, नाहीतर नवीन काय नि रिलाइन केलेली काय, दोन्ही प्लेटा सारख्याच घसरणार.