मोटोरोला एमबी८६११ : स्वतःच्या राउटरसाठी केबल मोडेम निवडताना

घरचे इंटरनेट अडखळू लागले की आपण आधी राउटर बदलतो, आणि मीही तसेच केले. नव्या राउटरमुळे शेवटच्या खोलीपर्यंत वाय-फाय पोहोचले, परंतु संध्याकाळच्या व्हिडिओ बैठकीत आवाज तुटणे तसूभरही कमी झाले नाही. शेवटी राउटर बाजूला ठेवून लॅपटॉप थेट जुन्या केबल मोडेमला इथरनेटच्या तारेने जोडला, तरीही तोच अनुभव आला, तेव्हा दोष कुठे शोधायचा हे स्पष्ट झाले. ही चाचणी दहा मिनिटांत होते आणि कोणतीही खरेदी करण्यापूर्वी ती करावीच. कारण राउटर आलेली जोडणी घरातल्या उपकरणांना वाटून देतो, पण ती जोडणी मुळात किती वेगाची आणि किती स्थिर असेल, हे मोडेम आणि त्याच्यामागची तार ठरवते.

माझा जुना मोडेम डॉक्सिस ३.० या, केबलच्या तारेवरून इंटरनेट देण्याच्या, मानकाचा आणि आठ डाउनस्ट्रीम, म्हणजे घराकडे येणारे, चॅनेल एकत्र बांधणारा होता. सहा मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलमधून साधारण ३८ मेगाबिट प्रति सेकंद इतका उपयोगी वेग मिळतो, म्हणजे आठ चॅनेलची मर्यादा ३०० मेगाबिटच्या आसपास येते. शिवाय हे चॅनेल त्याच केबलवरच्या इतर घरांबरोबर वाटून घ्यावे लागतात, त्यामुळे गर्दीच्या वेळी ते भरून जातात. बत्तीस चॅनेलच्या मोडेमला हीच गर्दी पसरवायला चौपट जागा मिळते. म्हणून आपली योजना दोनशे मेगाबिटचीच असली तरी जास्त चॅनेलचा मोडेम वाया जात नाही.

मोटोरोला एमबी८६११ या मोडेममध्ये हे बत्तीस डाउनस्ट्रीम आणि आठ अपस्ट्रीम, म्हणजे घरातून बाहेर जाणारे, चॅनेल तर आहेतच, पण मी तो घेतला तो डॉक्सिस ३.१ साठी. २०१३ मध्ये आलेल्या या मानकात ओएफडीएम पद्धतीचे, म्हणजे माहिती अनेक बारीक उपवाहकांवर वाटून पाठवणारे, रुंद चॅनेल आहेत आणि सिग्नल चांगला असेल तर एका चिन्हात आठऐवजी बारा बिट पाठवता येतात. त्याहूनही महत्त्वाची, आणि जाहिरातीत क्वचितच ठळक दिसणारी, गोष्ट म्हणजे अपस्ट्रीमच्या रांगेचे नियंत्रण. घरातले कोणी मोठी फाइल वर चढवू लागले की मोडेममध्ये पाकिटांची, म्हणजे माहितीच्या तुकड्यांची, रांग साचते आणि बाकी सगळ्यांचा आवाज, खेळ, पाने अडकून पडतात. ही रांग आखूड ठेवणारी व्यवस्था डॉक्सिस ३.१ च्या मोडेमना अनिवार्य आहे. माझ्या घरी खरा फरक इथेच पडला. डाउनलोडचा आकडा फार वाढला नाही, परंतु छायाचित्रांचा बॅकअप सुरू असताना बैठक तुटेनाशी झाली, आणि मला हवे होते ते हेच.

या मोडेमवर एकच इथरनेट पोर्ट आहे, मात्र तो २.५ गिगाबिटचा आहे. त्याचा लाभ राउटरच्या वॅन पोर्टवर, म्हणजे मोडेमची तार जिथे लागते त्या पोर्टवर, अवलंबून असतो. वॅन पोर्ट एक गिगाबिटचा असेल तर दोन्ही बाजू एक गिगाबिटवर येतात आणि प्रत्यक्षात ९४० मेगाबिटच्या आसपास वेग मिळतो. योजना गिगाबिटपेक्षा कमी असेल तर त्याने काहीच बिघडत नाही. म्हणून वाय-फायच्या आकड्यांआधी राउटरच्या मागच्या बाजूच्या पोर्टची माहिती वाचावी. अॅरिस एसबी८२०० हाही बत्तीस चॅनेलचा डॉक्सिस ३.१ मोडेम आहे, पण त्यावर एकेक गिगाबिटचे दोन पोर्ट आहेत. योजना गिगाबिटच्या आतली असेल आणि तो स्वस्त मिळत असेल तर तो निःशंकपणे घ्यावा.

मोडेम आणि राउटर एकाच खोक्यात असलेले उपकरण मी मुद्दाम टाळले. स्वतःचा राउटर असताना असे उपकरण आणले आणि ते ब्रिज मोडमध्ये, म्हणजे त्यातला राउटर बंद ठेवून नुसत्या मोडेमसारखे चालेल असे, टाकायचे राहिले, तर आयपी पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते, आणि मग ऑनलाइन खेळ किंवा बाहेरून घरच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचणे अडते. एमबी८६११ नुसता मोडेम असल्याने हा प्रश्नच उद्भवत नाही. यातली चिप ब्रॉडकॉमची आहे, हेही मी पाहून घेतले होते. इंटेलच्या प्यूमा ६ चिपच्या मोडेममध्ये वेग पुरेसा असूनही विलंब मध्येच उसळतो, हे २०१६ पासून सर्वज्ञात आहे, त्यामुळे जुना किंवा वापरलेला मोडेम घेणाऱ्याने चिपचे नाव तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खरेदीपूर्वी आपल्या केबल सेवादात्याच्या मान्यताप्राप्त मोडेमच्या यादीत हे मॉडेल आपल्या योजनेच्या वेगासाठी आहे का, हे पाहणे अपरिहार्य आहे. यादीत नसलेला मोडेम कितीही चांगला असला तरी तो जोडून मिळेलच असे नाही. फायबरच्या जोडणीला ओएनटी (फायबरमधला प्रकाश-संकेत इथरनेटमध्ये बदलणारे उपकरण) आणि टेलिफोनच्या तारेवरील जोडणीला डीएसएल मोडेम लागतो, तिथे हा चालणार नाही. यावर टेलिफोनचे पोर्टही नाही. फर्मवेअर वापरणाऱ्याला स्वतः बदलता येत नाही, ते सेवादात्याकडूनच येते. ही मर्यादा सगळ्याच केबल मोडेमची आहे, पण मला ती खटकते.

जोडणी करताना एक गोष्ट विसरू नये. मोडेम बहुधा आधी दिसलेल्या उपकरणाचाच मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क जोडणीचा ओळख क्रमांक) धरून ठेवतो, म्हणून लॅपटॉपवर चाचणी केल्यानंतर राउटर जोडला की मोडेम एकदा बंद करून चालू करावा लागतो, नाहीतर राउटरला आयपी पत्ता मिळत नाही आणि नाहक राउटरवर संशय येतो. त्यानंतर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता उघडून सिग्नलचे पान जरूर पाहावे. डाउनस्ट्रीमची पातळी उणे सात ते अधिक सात डीबीएमव्हीच्या (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक) दरम्यान आणि सिग्नल-गोंगाट गुणोत्तर ३३ डेसिबलच्या वर असावे. माझ्याकडे पातळी पहिल्या दिवशी उणे नऊ होती. भिंतीमागे एक जुना दुहेरी स्प्लिटर निघाला, ज्याची दुसरी शाखा कुठेच जात नव्हती. असा स्प्लिटर प्रत्येक शाखेला साधारण साडेतीन डेसिबल खातो. तो काढून केबल थेट मोडेमला लावली, तेव्हा पातळी उणे साडेपाचवर आली आणि न सुधारता येणाऱ्या त्रुटींचा आकडा वाढायचा थांबला.